संगमेश्वरचे दहा दिवस: दोन लहान मुलांसह गौरी-गणपती

सोमवार, २५ ऑगस्ट २०२५

गणपतीला गावी जाण्याची तयारी भाद्रपदात नव्हे, जूनमध्येच सुरू होते. रेल्वेचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते, त्यामुळे आजच्या प्रवासासाठी २६ जूनला सकाळी आठच्या ठोक्याला नवरा आणि मी दोन फोन घेऊन बसलो होतो आणि आठ वाजून दोन मिनिटांनी दोघांच्याही पदरात प्रतीक्षायादीच पडली होती. पुढे गणपती विशेष गाड्या जाहीर झाल्या आणि त्यांतल्या एकीत ठाण्याहून तीन जागा मिळाल्या. सहा वर्षांच्या थोरल्याला स्वतःची जागा हवी असेल तर पूर्ण भाडे भरावे लागते. अडीच वर्षांची धाकटी फुकट जाते. या फुकट्या प्रवाशाने पनवेल येण्याच्या आत तिन्ही जागा ताब्यात घेतल्या आणि आम्ही उरलेल्या कडेला टेकून बसलो.

डोंबिवलीहून पहाटे निघताना पाच पिशव्या होत्या. एकीत नुसती लंगोटांची पाकिटे, एकीत मुलांचे कपडे, कारण पावसात काही वाळत नाही, एकीत खाऊ आणि औषधे, आणि उरलेल्या दोन्हींत घरच्यांसाठी नेलेल्या वस्तू. इतके करूनही काय राहिले ते तीन दिवसांनी कळायचे होते.

थोरल्याला शाळेने सुट्टीत पाहिलेल्या दहा गोष्टी लिहून आणायला सांगितले होते. रोहा येण्यापूर्वीच त्याने वही काढून पहिल्या ओळीत ‘बोगदे’ असे लिहिले आणि प्रत्येक बोगद्याला एक रेघ मारायला सुरुवात केली. नातूवाडीच्या चार किलोमीटरहून लांब बोगद्यात धाकटी अंधाराला घाबरून इतकी रडली की त्याची एक रेघ चुकली, आणि त्यावरून खेडपर्यंत भांडण चालले. या मार्गावरचा सर्वांत लांब, साडेसहा किलोमीटरचा करबुड्याचा बोगदा आपल्या स्थानकाच्या पुढे आहे, असे त्याच्या वडिलांनी उत्साहाने सांगितले आणि मग आपण तिथपर्यंत का जात नाही, याचे उत्तर त्यांनाच द्यावे लागले. रोह्यापासून वीरपर्यंत रूळ दुहेरी आहेत, पुढे एकेरी. समोरच्या गाडीला वाट देण्यासाठी आमची गाडी हिरव्यागार डोंगरांमध्ये कुठेतरी उभी राही, माणसे उतरून पाय मोकळे करत आणि मुले विचारत, ‘आलं का गाव?’

संगमेश्वर रोडला उतरलो तेव्हा दुपार टळली होती. दीर वडाप, म्हणजे भाड्याची गाडी, ठरवून उभे होते. चाकरमानी न म्हणता आम्हा लोकांना ‘कोकणवासीय’ म्हणावे, अशी सूचना यंदा सरकारदरबारी झाल्याचे गाडीत कोणीतरी सांगत होते. वाडीच्या बेड्यापाशी, म्हणजे कुंपणाच्या फाटकापाशी, पोहोचताच शेजारच्या काकूंनी हाक दिली, ‘आले गो चाकरमानी!’ आणि तो प्रश्न निकालात निघाला.

आमच्या घराची ओटी लादीची आहे, पण माजघर अजून शेणाने सारवलेले असते. धाकटीने उंबऱ्यावरून आत पाहिले, ओलसर हिरवट-काळ्या जमिनीवर एक बोट टेकवले, ते हुंगले आणि पाऊल टाकायला साफ नकार दिला. चप्पल घालूनच आत जाणार, हा तिचा हट्ट आणि माजघरात चप्पल चालणार नाही, हा घराचा नियम, यांच्यामध्ये मी उभी होते. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी कोनाड्यातली जुनी घोंगडी काढली, उंबऱ्यापासून माजघराच्या खांबापर्यंत अंथरली आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. त्या घोंगडीवरून ती खांबापर्यंत गेली आणि रात्री झोपेपर्यंत तिथून हलली नाही.

मंगळवार, २६ ऑगस्ट

आज हरितालिका. जाऊबाईंचा आणि माझा उपवास, पण घरात चार मुले असताना उपवासाचे कौतुक कोणालाच नसते. जावेची दोन मुले दहा आणि आठ वर्षांची आहेत. त्यांनी सकाळीच थोरल्याला मंडपीचे सामान आणायला रानात नेले. गणपतीच्या डोक्यावर टांगायची ही लाकडी चौकट आमच्याकडे मंडपी म्हणून ओळखली जाते, सिंधुदुर्गात तिलाच माटवी म्हणतात. विकतची सजावट तिला चालत नाही. आंब्याचे टाळ, सुपारीचे घोस, तवसे म्हणजे मोठी काकडी, शहाळी, तेरडा, पिवळ्या-तांबड्या ज्वाळेसारखी कळलावी आणि तांबडीलाल कवंडळे असे जे जे त्या आठवड्यात रानात आणि परसात असेल ते तिला बांधले जाते. कवंडळ दिसायला लहान टोमॅटोसारखे आणि खायला अजिबात उपयोगाचे नाही, हे थोरल्याला तीनदा सांगून ठेवले. त्याने वहीत दुसरी गोष्ट लिहिली: ‘कवंडळ. खायचे नाही.’

संध्याकाळी गणपती आणायला गेलो. आमच्या इमारतीचा गणपती टेम्पोतून, ढोलताशांच्या गजरात येतो. थोरल्याच्या डोळ्यांपुढे तेच चित्र होते. इथे कारखाना म्हणजे एका घराची लांबलचक पडवी. प्रत्येक घराने नागपंचमीच्या सुमारास आपला पाट तिथे पोहोचवलेला असतो आणि त्याच पाटावर त्या घराची शाडूची मूर्ती घडते. आमचा पाट फणसाचा आहे, त्याच्या खालच्या अंगाला आजेसासऱ्यांनी तापल्या सळईने डागलेले एक अक्षर आहे आणि एक कोपरा कधीतरी उंदरांनी कुरतडलेला आहे. चाळीस-पन्नास मूर्ती दाटीवाटीने मांडलेल्या असताना दिरांनी एकाही मूर्तीच्या तोंडाकडे पाहिले नाही. वाकून पाट पाहिले आणि आमचा गणपती ओळखला.

मूर्तीवर रुमाल घातला, त्यावर प्लास्टिक आणि पाट दिरांच्या डोक्यावर चढला. पाऊण तासाची वाट होती: थोडा डांबरी रस्ता, मग जांभ्याच्या पायऱ्या, मग शेताचा बांध. भात पोटरीला आले होते आणि दोन्ही बाजूंनी मुलांच्या कमरेला लागत होते. थोरल्याला छत्री धरण्याचे काम दिले होते, पण त्याचा हात काकांच्या खांद्यापर्यंतच पोहोचत असल्याने गणपती भिजत होता आणि काकांची कोपरे कोरडी राहत होती. शेवटी वडिलांनी त्यालाच खांद्यावर घेतले. बांधावरून एकामागे एक असे आम्ही चाललो: पाट, त्याच्यामागे खांद्यावरचा मुलगा, त्याच्या हातातली छत्री पाटावर. घरी येईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही.

बुधवार, २७ ऑगस्ट

गणेश चतुर्थी. गुरुजींना पंचक्रोशीतली घरे करायची असतात, त्यामुळे आपला क्रमांक पहाटे पाचला लागेल की दुपारी एकला, याचा नेम नसतो. यंदा साडेबारा झाले. त्यानंतर पूजा, आरती, नैवेद्य आणि पंगत. म्हणजे पान वाढायला दोन वाजणार हे दिसत होते. धाकटी घरी साडेअकराला जेवते आणि पावणेबाराला भुकेने जमिनीवर आडवी पडते. लग्न झाल्यापासून नैवेद्याआधी या घरात कोणाच्या तोंडात घास गेलेला मी पाहिला नव्हता, म्हणून मी पिशवीतली बिस्किटे तिला न्हाणीघरामागे नेऊन चारावीत, असा बेत केला होता. मी तिला उचलून मागीलदारी निघाले तेव्हा सासूबाई चुलीपाशी होत्या. मोठ्या चुलीवर नैवेद्याचा भात होता आणि बाजूच्या वैलावर तळहाताएवढे पातेले. ‘हिचा आणि त्याचा मऊ भात झालाय, तूप घाल,’ एवढेच त्या म्हणाल्या. बिस्किटे माझ्या पदराखालीच राहिली.

मोदकांचे काम सकाळपासून चालले होते. उकड मळून सासूबाई पारी करत आणि तिच्या कडेला अंगठा आणि दोन बोटांनी चिमटी घेत कळ्या पाडत. त्यांच्या मोदकाला अकरा-बारा कळ्या सहज पडतात, माझ्या सात झाल्या की पारी फाटते. धाकटीला एक गोळा दिला होता. तिने तो बराच वेळ दाबला, चाटला, केसांना लावला आणि मग ‘मोदक’ म्हणून ठेवला. तोही केळीच्या पानावर कडेला उकडायला गेला. नैवेद्याच्या एकवीस मोदकांत अर्थातच तो नव्हता; तो आजोबांच्या पानात गेला.

रात्री माझी खरी काळजी वेगळी होती. धाकटीला घरी रात्रीचा लहान दिवा लागतो, आणि गावात पाऊस वाढला की वीज जाते. पहिल्या दोन रात्री मोबाइलच्या उजेडावर काढल्या होत्या. आजपासून मात्र गणपतीपुढची समई विसर्जनापर्यंत तेवती ठेवायची असल्याने माजघरात रात्रभर मंद उजेड राहणार होता. सगळ्यांचे अंथरूण एका ओळीत पडले, धाकटी समईच्या दिशेला तोंड करून झोपली, आणि दर दोन-तीन तासांनी कोणीतरी उठून तेल घालत राहिले.

गुरुवार, २८ ऑगस्ट

ऋषिपंचमी. या दिवशी बैलाच्या कष्टाचे अन्न खायचे नाही, म्हणून परसातल्या अळू, माठ, भेंडी, पडवळ, शिराळी, भोपळा आणि मक्याच्या कणसांची एकत्र भाजी होते. मी ती यंदा नीट खाल्लीच नाही, कारण पहाटे धाकटीचे अंग चटका बसेल इतके तापले होते आणि पाच पिशव्या उपसल्यावर लक्षात आले की, आपण थर्मामीटर आणलेले नाही.

आरोग्य केंद्र दूर, रिक्षा सणात मिळायची मुश्कील. दिरांनी शेजाऱ्यांची मोटारसायकल आणली आणि मी रेनकोटात मुलीला पोटाशी बांधून मागे बसले. डॉक्टरांनी तपासून घसा लाल असल्याचे सांगितले, वजनाप्रमाणे तापाचे औषध लिहून दिले, पाणी भरपूर पाजायला सांगितले आणि श्वास जोरात चालू लागला किंवा लघवी कमी झाली तर लगेच परत आणा, असे दोनदा बजावले. त्यांनीच सांगितले की गणपतीच्या आठवड्यात मुंबईची मुले रोज येतात: रात्रभराचा प्रवास, भिजणे, पाण्यातला बदल आणि घरोघरचा गोड खाऊ.

दिवसभर तिने औषध थुंकले, सरबत ढकलले, मी आणलेल्या डब्यातल्या कशालाही तोंड लावले नाही. तिसऱ्या प्रहरी सासूबाईंनी उकड्या तांदळाची पेज वाटीत ओतली, मिठाचा खडा टाकला आणि फुंकर मारत मारत स्वतःच पिऊ लागल्या. तिला विचारलेही नाही. पाचव्या-सहाव्या घोटाला धाकटी उठून बसली आणि वाटीकडे हात केला. मी गेली दोन वर्षे चमचा विमानासारखा फिरवून जे साधू शकले नाही ते असे झाले, याचे मला थोडे वाईटही वाटले, हे कबूल केले पाहिजे.

शुक्रवार-शनिवार, २९ आणि ३० ऑगस्ट

ताप शुक्रवारी रात्री उतरला. या दोन दिवसांत सांगण्यासारखे मोठे काही घडले नाही.

लंगोटांचे मात्र सांगायला हवे, कारण लहान मूल घेऊन गावी जाणाऱ्या कोणालाही हा प्रश्न पडतोच आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. गावात कचऱ्याची गाडी येत नाही. वापरलेला लंगोट पावसात जळत नाही, पुरला तर कुत्री उकरतात, आणि साठवून परत न्यावा तर त्याची रोज एक पिशवी होते. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी जुने सुती लुगडे फाडून त्याचे चौकोन केले. ते धुतले की चुलीवरच्या वलणीवर धुरात वाळत आणि मुलीला दिवसभर खमंग वास येई. पण खरा उपाय जावेच्या मुलांनी केला. त्यांच्या मागे मागे मागीलदारी जाऊन, ते करतात तसेच आपणही करायचे, अशी तिला ईर्षा लागली आणि शनिवारी दिवसभर एकच चौकोन लागला. उरलेली दोन पाकिटे जशीच्या तशी परत आली.

रात्री आरत्यांचा फेर असतो. वाडीतल्या अकराही घरी सगळ्यांनी मिळून जायचे, प्रत्येक ठिकाणी मृदंग-झांजांवर अर्धा तास आरत्या, मग खिरापत. थोरल्याला झांज मिळाली होती. पहिल्या घरी त्याने ती मनापासून वाजवली, तिसऱ्या घरी एका हातात झांज आणि एका हातात करंजी होती, पाचव्या घरी तो दुसऱ्या मुलांच्या मांडीवर झोपलेला सापडला. वहीत नोंद: ‘अकरा गणपती. पाच पाहिले.’

रविवार, ३१ ऑगस्ट

माझे माहेर सातारा जिल्ह्यातले. आमच्याकडे ज्येष्ठा आणि कनिष्ठा अशा दोन गौरी पितळी मुखवट्यांच्या, भरजरी साड्या नेसवून उभ्या केलेल्या असतात, आणि पुढे फराळाची रास. लग्नानंतर पहिल्या वर्षी इथे मला गौर म्हणून तेरड्याची जुडी हातात दिली तेव्हा बाकीची गौर मागून येणार असेल, असे मी समजले होते. नक्षत्रे मात्र दोन्हीकडे तीच: अनुराधेवर आवाहन, ज्येष्ठेवर पूजन, मुळावर विसर्जन.

पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठावरून मुळांसकट उपटलेला तेरडा धुऊन जावेच्या मुलीने हातात घेतला. दारात तिच्या पायांवर पाणी घातले, हळदकुंकू लावले, आणि उंबऱ्यापासून गणपतीपर्यंत तांदळाच्या पिठाने काढलेल्या पावलांवरून ती सावकाश चालत आत आली. घराच्या एकेका खोलीत तिला नेऊन, गौरी, इथे काय आहे, असे विचारायचे आणि धान्य आहे, दूधदुभते आहे, लेकरेबाळे आहेत, असे उत्तर आपणच द्यायचे. या सगळ्या गंभीर मिरवणुकीच्या मागून धाकटी निघाली. तिने पहिल्या पावलावर आपले पाऊल ठेवले, ते फार मोठे वाटले म्हणून दोन्ही ठेवले, आणि अशा उड्या मारत मारत माजघर, कोठी आणि स्वयंपाकघर अशी सगळी लक्ष्मीची पावले पुसून टाकली. पीठ तिच्या घोट्यापर्यंत आले होते. सारवलेल्या जमिनीवर तिचे अनवाणी पाय मला तेव्हा दिसले. घोंगडी कोणी कधी उचलली, ते मला आठवत नाही.

तेरड्याच्या जुडीला साडी नेसवली आणि आल्या आल्या तिला भाजी-भाकरीचा नैवेद्य दाखवला.

सोमवार, १ सप्टेंबर

आज तिखटा सण. गणपती आणि गौर यांच्या मध्ये पडदा धरून आमच्या घरी गौरीला कोंबडी-वड्यांचा नैवेद्य होतो. माहेरी मी हे सांगितले तेव्हा आईने दोन दिवस माझ्याशी जपूनच बोलणे केले होते. थोरल्याने पडद्याचे कारण विचारले. आजोबा म्हणाले की, गणपतीला मोदक आवडतात आणि त्याच्या आईला तिखट, प्रत्येकाने आपापले जेवावे. त्याला ते अगदी पटले.

शेजारी या वर्षी नवी सून आली आहे, तिचा पहिला ओवसा होता. फळे, भाज्या, सुकामेवा आणि पाने भरलेली बांबूची सुपे तिने गौरीपुढे ओवाळली आणि मग घरातल्या एकेका थोराच्या हातात दिली; थोरांनी त्यांत आपापली भेट घातली. मुलगी पुण्यात नोकरी करते, सासर-माहेरचे तीस जण भोवती आणि नऊवारीचा ओचा सारखा सुटत होता. मला माझा ओवसा आठवला. तेव्हा मी ओच्याला चार पिना लावल्या होत्या. त्यांतल्या दोन मी पदरातून काढून तिला दिल्या.

मंगळवार, २ सप्टेंबर

दुपारी तीनपासून गणपती पऱ्याकडे निघाले. प्रत्येक घरातला पाट एका डोक्यावर, बायकांच्या हातात गौर, आणि सगळी वाडी बांधावरून एका रांगेत. पाऊस थांबला होता. धाकटी निघण्यापूर्वीच आजीच्या खांद्यावर झोपली आणि आरती, गजर, पाण्यात उतरणे यांतले काहीही तिने पाहिले नाही. थोरला वडिलांसोबत गुडघाभर पाण्यात उभा होता. मूर्ती गेली, दिरांनी पाट पाण्यातून वर काढला, त्यावर मूठभर वाळू ठेवली आणि थोरल्याच्या डोक्यावर दिला. ओला पाट मुलाला बराच जड होता. कुरतडलेला कोपरा पुढे आला होता आणि त्याला एका हाताने चाचपत तो घरापर्यंत आला.

रात्री अकराच्या सुमारास वीज गेली. आज समई नव्हती. धाकटी उठली, डोळे उघडे आणि मिटलेले सारखेच, आणि तिने रडण्याआधी विचारले, ‘आजी, दिवा?’ मी फोन चाचपत होते. तेवढ्यात काडी ओढल्याचा आवाज आला. सासूबाईंनी देवळीतले निरांजन पेटवून मंडपीखालच्या रिकाम्या जागेत, वाळूच्या पाटाशेजारी ठेवले आणि पुन्हा आडव्या झाल्या.

बुधवार, ३ सप्टेंबर

परतीची गाडी दुपारची होती. नेताना पाच असलेल्या पिशव्या येताना सात झाल्या: नारळ, तवशी, चिबूड, तांदळाचे पीठ, उकडे तांदूळ आणि लुगड्याचे धुतलेले चौकोन. निघताना धाकटी चप्पल घालायला तयार नव्हती. बेड्यापर्यंत ती चिखलातून अनवाणीच आली. वडापात बसवल्यावर मी बाटलीतल्या पाण्याने तिचे पाय धुतले. सासूबाई बेड्याच्या आतच उभ्या राहिल्या. ‘पोचल्यावर फोन करा,’ म्हणाल्या; घरात रेंज येत नाही, गडग्यापाशी, म्हणजे दगडी कुंपणापाशी, येऊन उभे राहावे लागते, हे त्यांनाही ठाऊक होते आणि आम्हालाही. रात्री साडेदहाला डोंबिवलीहून फोन लावला तेव्हा पहिल्याच घंटीला त्यांनी उचलला.

गुरुवार, ४ सप्टेंबर

तीन वेळा कपड्यांचे यंत्र लावले तरी कपड्यांचा धुराचा वास गेलेला नाही. थोरल्याचे दप्तर भरताना वही हाताला चिकट लागली. त्याने जाताना बजावल्याप्रमाणे कवंडळ खाल्ले नव्हते. मित्रांना दाखवायला म्हणून दोन कवंडळे वहीत ठेवली होती आणि वर नारळ आला होता. काळपट हिरवा गर आणि बिया बोगद्यांच्या रेघांपासून अकरा गणपतींपर्यंत पसरल्या आहेत, आणि दहापैकी चारच गोष्टी वाचता येतात. बाईंना काय सांगायचे, असे विचारले तर तो म्हणाला, ‘ही पाचवी.’ वही सध्या खिडकीत उन्हात ठेवली आहे, आणि बिया त्याने मोजून काडेपेटीत भरल्या आहेत.